रोज खिशात असणारा पारंपरिक घडीचा चाकू: तुमचा कोणता, आणि तोच का?

निवांत_पातं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो. आत्तापर्यंत माझ्या खिशाला क्लिप अडकवलेला, अंगठ्याने फट्कन उघडणारा आधुनिक चाकू असायचा. तो अजून आहे, कामाला चोख आहे, पण मन मात्र जुन्या घाटाच्या चाकूंवर बसलंय. म्हणजे पात्याच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी शांतपणे उघडायचा, मूठ लाकडाची नाहीतर हाडाची-शिंगाची, आणि चारचौघात काढला तरी समोरचा दचकत नाही असा.

सध्या ओपिनेल नंबर ८ वापरतोय, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, कार्बन पोलादाचा. पार्सलची टेप, सुतळी, फळं, पेन्सिली, कुंडीतल्या वाळक्या काड्या, सगळ्याला तोच. पातं इतकं पातळ आहे की फळात अलगद उतरतं. आधीचा जाड पात्याचा चाकू अर्ध्यात गेला की फळ कापायच्या ऐवजी फोडायचा, तो फरक पहिल्याच दिवशी हाताला कळला. अडचण एवढीच की बंद केल्यावर मूठ साधारण ११ सेंटिमीटर, वर गोल, त्यामुळे खिशात फुगवटा येतो आणि बसताना टोचतं. वजन जेमतेम ४५ ग्रॅम असूनही.

तर आता दुसरा एक छोटा, चपटा घ्यायचं चाललंय. कपाटातलं कलेक्शन नंतर कधीतरी बघू, आत्ता खिशात हात घातला तर काय निघेल ते सांगा. एक पातं पुरतं का तीन लागतातच? कार्बन रोज सांभाळणं खरंच जमतं का? आणि लॉक नसलेल्या चाकूवर तुम्ही कितपत विश्वास टाकता? थोडं सविस्तर लिहा, घाई नाही.

---

स्टॉकमनवाला

वा, मस्त विषय. माझ्या खिशात केस (Case) या अमेरिकी कंपनीचा मीडियम स्टॉकमन, ६३१८, सीव्ही पोलाद. सीव्ही म्हणजे क्रोम व्हॅनेडियम, पण नावातल्या क्रोमवर जाऊ नका, त्यात क्रोमियम इतकं थोडं असतं की हे पोलाद गंजतं, कार्बनसारखंच जपावं लागतं.

केसचे नंबर वाचता आले की दुकानात अर्धं काम होतं. पहिला आकडा मूठ कशाची ते सांगतो, ६ म्हणजे हाड. दुसरा पाती किती. उरलेले आकडे घाटाचे. म्हणून ६३१८ म्हणजे हाडाची मूठ, तीन पाती, १८ नंबरचा घाट. ६२५४ हा ट्रॅपर, दोन पात्यांचा. ६२२० हा पीनट, बंद असताना फक्त ७.३ सेंटिमीटर. जुना चाकू हातात आला तर पात्याच्या बुडाशी ठिपके मोजा. १९७० पासून कंपनीने तिथे दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि पुढे दरवर्षी एकेक कमी करत गेली, त्यावरून साल निघतं. नंतर पद्धत बदलत गेली, पण सत्तरच्या दशकातला चाकू ओळखायला हे पुरतं.

आता तीन पाती का. लोकांना वाटतं एकच काम तीन साइजमध्ये, तसं नाहीये. लांब टोकदार क्लिप पातं सर्वसाधारण कामाला. शीपफूट पात्याची धार एकदम सरळ असते आणि पाठ पुढे येऊन खाली वळते, त्यामुळे टोक धारेच्याच रेषेत, पट्टी लावून पुठ्ठ्यावर किंवा चामड्यावर सरळ रेघ मारायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तिसरं स्पे. हे मुळात जनावरांच्या खच्चीकरणासाठी, म्हणून टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं, नको तिथे टोचू नये म्हणून. आपण ते काम करत नाही, पण पाकिटाच्या आतली वस्तू न चिरता पाकीट उघडायचं असेल तर तेच टोक कामाला येतं. माझी वाटणी पक्की आहे: टेप आणि पुठ्ठा शीपफूटने, खायचं सगळं क्लिपने, आणि स्पेला वस्तऱ्यासारखी धार लावून ठेवलेली, ती फक्त बारीक कामाला. चिकट टेप कापलेलं पातं फळाला लागत नाही हा मोठा फायदा.

विश्वासाचं म्हणाल तर अशा चाकूत, म्हणजे स्लिपजॉइंटमध्ये, लॉक नसतंच. पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते आणि तेवढ्यावर ते उघडं राहतं. कापताना जोर धारेच्या दिशेने असतो, त्याने पातं आणखी उघडायला बघतं, मिटायला नाही. मिटतं कधी, तर टोकाने भोसकायला गेलात किंवा पातं फटीत अडकवून मागे ओढलंत तर. ती कामं या चाकूची नाहीतच.

---

बीचची_मूठ

निवांतभाऊ, तुम्ही ओपिनेल सोडू नका हो :) नंबर ६ बघा. पातं ७ सेंटिमीटर, मूठ बारीक, खिशात कळतसुद्धा नाही. आणि घाट तोच, धार तीच.

मी गेली कित्येक वर्षं दुसरं काही बाळगलेलं नाही त्यामुळे बाजू घेणारच. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये फ्रान्सच्या सव्हॉय भागात हा चाकू केला, १८९७ मध्ये १ ते १२ अशा बारा साइज आल्या, आणि पुढे १९५५ मध्ये उघडं पातं लॉक करणारी ती फिरणारी कडी आली, व्हिरोब्लॉक. तेव्हापासून आजपर्यंत मूळ रचनेत बदल काय, तर २००० पासून ती कडी पातं बंद असतानाही लॉक करते, बस. लाकडाचा एक तुकडा, पातं, खिळा, दोन कड्या. यातलं काय काढाल? काढण्यासारखं काही उरलेलंच नाही, म्हणून मला तो आवडतो.

एक गोष्ट मात्र लाकडाबरोबर येतेच. दमट हवेत किंवा ओलं झाल्यावर मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, नखाने निघत नाही. अशा वेळी नखाशी कुस्ती करू नका. कडी उघड्या स्थितीत फिरवायची आणि मुठीचं मागचं टोक, म्हणजे कडीच्या विरुद्ध बाजूचं, टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर हलकेच ठोकायचं. झटक्याने पातं थोडं बाहेर येतं, मग पकडून उघडायचं. सव्हॉयची ही जुनीच युक्ती आहे. कायमचा उपाय हवा तर चाकू पूर्ण वाळवा, मग खाचेत आणि सांध्यात जवसाचं तेल मुरवा, अगदी थोडं, आणि दोन-तीन दिवस उघडाच ठेवा. तरी घट्ट वाटला तर खाचेच्या आतल्या भिंतींवर बारीक पॉलिश पेपर एकदोनदा फिरवा. जास्त घासलंत तर पातं डुलायला लागेल, तेव्हा जरा घासा, बघा, परत घासा असं करा.

---

पायोनियर_९३

वरच्या दोघांशी थोडा असहमत. रोज म्हणजे खरंच रोज, घाम, पाऊस, ओले हात, पुसायला वेळ नाही, अशा दिवसांना स्टेनलेसच बरा. मी व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर बाळगतो, ९३ मिलिमीटर, ॲल्युमिनियमची खरबरीत मूठ. काहीजण याला पारंपरिक मानत नाहीत, मला ते पटत नाही. स्विस सैनिकांना पहिला चाकू १८९१ मध्ये मिळाला, त्यात पातं, डबा उघडायचं, रायफल सोडवायला स्क्रू ड्रायव्हर आणि टोच्या अशी चार हत्यारं होती आणि मूठ गडद ओकची. १९६१ ला मूठ ॲल्युमिनियमची झाली आणि तो चाकू २००८ पर्यंत सैन्यात चालला. पायोनियर त्याच १९६१ च्या घाटाचा. याहून मोठी परंपरा ती कुठली?

आणि टोच्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. त्याच्या एका बाजूला धार असते. चामड्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडायचं असेल तर टोक टेकवून धारेच्या दिशेने फिरवत जायचं, ढकलायचं नाही. भोक गोल आणि स्वच्छ पडतं. लाकडात स्क्रूसाठी सुरुवातीचं भोक पाडायलाही तेच. मला तर पात्याइतकंच टोच्याचं काम पडतं.

पोलाद थोडं मऊ आहे हे मान्य, कडकपणाच्या मापात ५६ एचआरसी. धार लवकर उतरते. पण तितकीच लवकर परत येते, बारीक दगडावर दोन मिनिटं आणि चामड्यावर थोडं ओढलं की झालं.

---

स्टॉकमनवाला

@पायोनियर_९३ टोच्याचं शंभर टक्के खरं. आणि पारंपरिक तर आहेच तो, त्यावर कोणी वाद घालू नये.

पण कार्बनला लोक उगाच घाबरतात असं माझं मत. नवं पातं चकचकीत असतं तेव्हाच जपायचं. आंबट फळं कापत गेलात की त्यावर निळसर-करडा थर चढतो, आधी ढगांसारखे डाग, मग हळूहळू सगळं पातं एकसारखं गडद. तो थर तांबड्या गंजाला बराच आवर घालतो. पूर्ण थांबवत नाही हेही सांगतो, ओलं पातं मिटून रात्रभर ठेवलं तर थर असला तरी सांध्यापाशी तांबडं दिसणारच. काम झालं की पँटला पुसायचं आणि मिटायचं, एवढीच सवय लागते. खाण्याला वापरत असाल तर सांध्यात मिनरल ऑइल घाला, मशीनचं तेल नको. आणि स्वयंपाकाचं तेलही नको, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि स्प्रिंग जड पडते.

---

पेन्सिल_तासणारी

माझा सगळ्यात साधा असेल. हिगोनोकामी, जपानमधल्या मिकी गावचा. मूठ म्हणजे पितळेचा दुमडलेला पत्रा. स्प्रिंग नाही, लॉक नाही, पात्याच्या मागे एक छोटी शेपटी आहे तिच्यावर अंगठा दाबून ठेवायचा, तोच लॉक. एकेकाळी तिकडची शाळेतली मुलं यानेच पेन्सिली तासायची, मीही मुख्यतः त्यासाठीच घेतलाय कारण मी चित्रं काढते आणि मला शिसं लांब, लाकूड बारीक निमुळतं हवं असतं, जे कुठल्याच शार्पनरमध्ये मिळत नाही.

पात्याला एकच सपाट उतार आहे, दोन्ही बाजूंनी, वेगळी बारीक धारेची कड नाही. त्यामुळे धार लावताना कोन धरायची भानगडच नाही, उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि ओढायचं. ज्यांना धार लावायला शिकायचंय त्यांनी यावर शिकावं असं मला मनापासून वाटतं. वापरून सांधा सैल झाला तर खिळ्यावर हलका ठोका मारून परत घट्ट करता येतो. ताईदादांनो, एकदा वापरून बघाच.

---

जुनं_पोलाद

छान चर्चा. मी मुख्यतः जुने चाकू जमवतो पण बाळगतोही, आज खिशात बार्लो आहे, एका पात्याचा. बार्लो म्हणजे ज्याची पुढची धातूची टोपी मुठीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत लांब येते तो. हा घाट इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेला, आणि ती लांब टोपी सांध्याला आधार देण्यासाठी. स्वस्त चाकूतसुद्धा सांधा लवकर डुलू नये म्हणून केलेली युक्ती आहे ती, आणि आजही पटते.

निवांतभाऊंना घ्यायचाय म्हणून चाकू हातात आल्यावर काय बघायचं ते लिहितो, कारण बहुतेकजण फक्त धार आणि मूठ बघतात.

आधी पाठीवरून बोट फिरवा. चाकू उघडा असताना आणि मिटलेला असताना स्प्रिंग दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या पातळीत हवी, बोटाला पायरी लागता कामा नये. चांगल्या कारागिराच्या चाकूत अर्धवट उघडल्यावरही ती पातळीत असते. मग मिटलेला चाकू उजेडासमोर धरा, स्प्रिंग आणि पट्टी यांच्यात उजेडाची रेघ दिसली तर फट आहे, तिथे पाणी आणि कचरा जाणार. मग पातं उघडून टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवा, डुलता कामा नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटते का. कागदाची पट्टी खाचेत आत स्प्रिंगपर्यंत सोडा, पातं पूर्ण मिटू द्या, थोडं आणखी दाबा, आणि पट्टी बाहेर काढून बघा. कागद चिरला असेल तर धार स्प्रिंगला लागतेय, म्हणजे कितीही धार लावा, मधेच एका जागी ती दर वेळी बसणार. असं असेल तर पातं कधीच सोडून खट्कन मिटू देऊ नका, शेवटपर्यंत बोटांनी धरून मिटवा. फ्रान्समधल्या लागिऑल गावच्या घाटाच्या चाकूंच्या बाबतीत तर हे कटाक्षाने. तिथल्या जुन्या घाटाची स्प्रिंग कडक असते आणि पातं सोडलं की जोरात आत जातं. त्या खट्ट आवाजाची हौस धारेला महागात पडते. (आणि लागिऑल घेताना एक लक्षात ठेवा, स्प्रिंगवर माशी कोरलेली आहे म्हणजे चाकू त्या गावचा असं नाही. घाट १८२९ पासूनचा मानतात, पण तो घाट आणि ती माशी जगभर कोणीही करतं, बराचसा माल तर फ्रान्समधल्याच थिएर शहरातला. थिएरमधले कारागीर उत्तम आहेत, तो मुद्दा नाही. बनवणाऱ्याचं नाव बघा, माशी बघू नका.)

साठवणीबद्दल दोन गोष्टी, यात नुकसान झालं की भरून निघत नाही. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन् महिने ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवं चढतं आणि पोलादावर खड्डे पडतात. बाळगताना म्यान ठीक, ठेवताना बाहेर. दुसरं, जुन्या चाकूंची रंगीत, शिंपल्यासारखी चमकणारी मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, असू शकते. सेल्युलॉइड म्हातारं झालं की विरघळायला लागतं आणि त्यातून जो वायू सुटतो तो स्वतःच्या पात्याला तर खातोच, शेजारी ठेवलेल्या चाकूंनाही गंजवतो. डब्यात एकाच चाकूच्या आसपास सगळीकडे अचानक गंज दिसला तर तो चाकू आधी वेगळा करा, हवेशीर जागी ठेवा.

---

निवांत_पातं

अरे बापरे, एवढं सगळं एका दिवसात! सगळ्यांचे आभार. @जुनं_पोलाद तुमची कागदाची चाचणी वाचल्या वाचल्या घरातल्या दोन स्लिपजॉइंटवर करून बघितली, एकात कागद साफ कापला गेला, बरोबर पात्याच्या टाचेपासून, म्हणजे बुडापासून, बोटभर पुढे, जिथे धार कायम बोथट वाटायची तिथेच. यावर काही उपाय असतो का, की तसाच सांभाळत वापरायचा?

आणि मोठ्या लॉकवाल्या चाकूंबद्दल अजून कोणी बोललं नाही. बक ११० सारखा लॉकवाला पारंपरिकमध्ये धरायचा ना?

---

जुनं_पोलाद

उपाय आहे, पण घाईने कानस घेऊ नका. पात्याच्या टाचेजवळ, धार सुरू होण्याआधी, एक छोटा चौकोनी उंचवटा असतो, तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. तो झिजला किंवा मुळात कमी ठेवला असला की धार खाली जाते. तो वाढवता येत नाही, कमीच करता येतो, आणि कमी केला की उलट धार आणखी आत जाईल. म्हणून करायचं ते धारेकडून: जिथे लागतेय तेवढा भाग दगडावर थोडा थोडा उतरवत, सगळ्या धारेची ओळ एकसारखी ठेवत, दर वेळी कागद घालून बघत जायचं. पातं केसभर अरुंद होईल, बाकी काही नाही. काहीजण खाचेच्या तळाशी चामड्याची बारीक चकती चिकटवतात, तेही चालतं, पण मग ती ओली राहणार नाही हे बघावं लागतं. मी तरी धारेकडूनच केलं असतं.

बक ११० नक्कीच पारंपरिक. १९६४ पासून चालू आहे, पितळेच्या टोप्या, लाकडाची मूठ, पाठीवर दाबायचं लॉक, त्या रचनेच्या नकला तर सगळ्यांनी केल्या. पण वजन २०० ग्रॅमच्या आसपास. तो पट्ट्यावरच्या म्यानाचा चाकू आहे, खिशाचा नाही. तुम्हाला चपटा आणि छोटा हवाय ना.

---

पायोनियर_९३

लॉकचं अजून एक. बऱ्याच ठिकाणी कायदा लॉक आणि पात्याची लांबी बघतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याप्रमाणे लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न सांगता बाळगता येतो, लॉकवाल्याला मात्र योग्य कारण लागतं. तुमच्या ओपिनेलची कडी त्या हिशोबाने लॉक ठरते. आपापल्या ठिकाणचा नियम वाचून मगच खिशात टाका, आणि विमानाला निघताना खिसे आदल्या रात्री तपासा.

---

स्टॉकमनवाला

निवांतभाऊ, सगळं वाचून तुमच्यासाठी माझं मत पीनटला. ७.३ सेंटिमीटर, चपटा, दोन पाती, सीव्हीमध्ये मिळाला तर बघा. मोठी फळं ओपिनेलने, बाकी दिवसभर पीनट. फक्त दुकानात नखाने उघडून बघून घ्या, छोट्या चाकूची खाचही छोटी, आणि स्प्रिंग कडक निघाली तर नख मोडतं. ओढ, म्हणजे पातं उघडायला लागणारा जोर, एक ते दहात मोजतात आपल्याकडची मंडळी, तुम्ही पाचच्या आसपासचा घ्या.

---

निवांत_पातं

पीनट ठरला, सीव्ही, हाडाची मूठ. ओपिनेल बॅगेत राहील. आणि कागद कापणाऱ्या चाकूचं काम रविवारी बारीक दगडावर सुरू करतो, कुठवर आलं ते फोटोसकट इथेच टाकतो.